आयतं ऐकण्याची सवय

'माझी मुलगी चौथीत आहे. बोलण्यात चुणचुणीत, पण वाचताना जोडाक्षर आलं की गप्प. शाळेच्या सांगण्यावरून तपासणी केली, डिस्लेक्सिया निघाला. मी रोज दोन तास घेऊन बसते, धडा मोठ्याने वाचायला लावते, दहा ओळी शुद्धलेखन. रात्री गोष्ट वाचून दाखवायचे, तेही जूनपासून बंद केलंय, नाहीतर आयतं ऐकायची सवय लागेल. पण तिचे बाबा मानतच नाहीत. म्हणतात, या चाचण्या इंग्रजीवाल्या पोरांसाठी, लक्ष दिलं की येईल. त्यांना कसं पटवू?' – एक आई, सांगली

बाबांचं नंतर बघू. जूनमध्ये थांबलेली ती गोष्ट कुठली होती? अर्धीच राहिली का?

तुमच्या दोन तासांचं मी कौतुक करणार नाही. दिवसभर शाळेत अक्षरांशी झुंजून आलेल्या मुलीसमोर घरी पुन्हा तीच अक्षरं, आणि पुस्तकातलं जे एकच सुख तिच्या वाट्याला येत होतं, ते तुम्ही काढून घेतलंत. तिला ती शिक्षाच वाटली असणार.

तिची अडचण छापलेली खूण आणि तिचा आवाज यांची जोडी चटकन न जुळण्यात आहे. 'किल्ला'तली पहिली वेलांटी दिसते 'क'च्या आधी, उच्चारायची नंतर. 'सूर्य'मधला रफार बसतो 'य'च्या डोक्यावर, उच्चारायचा त्याच्या आधी. आपल्याला सवयीने हे जाणवतही नाही, तिला दर ओळीत जाणवतं. पण ऐकलेली गोष्ट समजणं, हसणं, पुढे काय होणार ते ओळखणं, यात ती कुठे कमी आहे? पत्रात तुम्हीच तिला चुणचुणीत म्हटलंय.

या वयापासून मुलं नवे शब्द पुस्तकांतून उचलायला लागतात. तिला ते स्वतः वाचून जमत नाही, तोवर ते कानांवाटेच जायला हवेत. तो रस्ता बंद ठेवलात, तर सातवीत लोक म्हणतील, हिच्याकडे शब्दच नाहीत. आणि आयतं ऐकण्याचं म्हणाल, तर कीर्तनाला बसणाऱ्यांना आजवर कुणी आळशी म्हटलेलं नाही.

शुद्धलेखन आजपासून बंद. त्या दहा ओळी ती न वाचता नुसत्या चितारत असेल, वही नीट बघा. वाचन शिकवणं विशेष शिक्षकांवर सोपवा. ते एकेक आवाज सुटा करून, संथपणे शिकवतात. त्याला आईचा घायकुतीला आलेला आवाज चालत नाही.

आता बाबा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी तयार केली आहे, ती मराठीतही आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण नोंदलेली आहे. सरकारी प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. एवढं एकदा सांगा आणि वाद थांबवा.

आज रात्री जेवणं झाली की ते पुस्तक काढा. तिला वाचता येईल असलं सोपं नको, तिच्या अकलेला साजेसं हवं. बाबांनाही शेजारी बसवा, त्यांच्या लेकीचे प्रश्न त्यांनाही ऐकू देत. आणि रंगात आलेली गोष्ट मध्येच थांबवून 'आता पुढची ओळ तू वाच' म्हणालात, तर मला पुन्हा पत्र लिहू नका.