बीओटीचा रस्ता सरकारी तिजोरीला फुकट पडतो का?

आपला प्रश्न असा आहे की, खासगी भागीदारीतून रस्ता बांधला तर सरकारचा पैसा खर्च होत नाही असे नेहमी सांगितले जाते. मग कोल्हापुरातला टोल रद्द झाल्यावर कंपनीला शासनाने कोट्यवधी रुपये का दिले?

मी कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे. त्या नोकरीत लागलेली एक सवय इथे उपयोगी पडते. कर्जदाराच्या ताळेबंदात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही हे आम्ही आधी पाहत असू, आणि त्यात पहिली शंका असे ती त्याने दुसऱ्यासाठी दिलेल्या हमीची. साखर कारखान्यांना मिळणारी शासनाची थकहमी आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. हमी देताना शासनाचा एक रुपयाही खर्च होत नाही. कारखान्याने हप्ते थकवले की मात्र तीच रक्कम तिजोरीतून भरावी लागते. बीओटी, म्हणजे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीचा करार, स्वभावाने या थकहमीच्या बराच जवळचा आहे.

कोल्हापूरचा रस्ते विकास प्रकल्प साधारण 50 किलोमीटरचा होता आणि त्याची मूळ किंमत 220 कोटी रुपये होती. करार 30 वर्षांचा होता. महापालिकेकडे एवढी रक्कम नव्हती आणि तेवढे कर्ज फेडण्याची ऐपतही नव्हती, त्यामुळे राज्य रस्ते विकास महामंडळामार्फत हा मार्ग निवडला गेला. कंपनीने पैसा उभा करायचा, शहराच्या वेशीवर नऊ नाके उभारून टोलमधून तो वसूल करायचा, शिवाय टेंबलाईवाडीचा भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने तिला मिळायचा, अशी ही रचना होती. भूखंड हाही पैसाच असतो, पण तो रोख दिला जात नसल्यामुळे तिकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही.

आता व्याजाचे पाहा. समजा, खासगी कंपनीला 12 टक्क्यांनी आणि राज्य शासनाला 8 टक्क्यांनी कर्ज मिळते. मुद्दलाला हात न लावता 220 कोटींवर वर्षाचे व्याज अनुक्रमे 26.40 कोटी आणि 17.60 कोटी होते. म्हणजे सुरुवातीला वर्षाला 8.80 कोटींचा फरक, आणि कंपनीचा नफा त्यावर वेगळा. हे गणित माझे ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. सरकारला कर्ज नेहमीच स्वस्त पडते. तरीही खासगी भांडवल घ्यायचे असेल, तर त्या जादा व्याजाच्या बदल्यात काहीतरी मिळाले पाहिजे, आणि ते म्हणजे जोखीम दुसऱ्याच्या अंगावर जाणे. काम रखडले तर वाढीव खर्च कंपनीचा, वाहने कमी आली तर तोटा कंपनीचा, आणि 30 वर्षे देखभाल तिलाच करायची असल्यामुळे रस्ता नीट बांधण्यात तिचाच स्वार्थ. ही जोखीम खरोखर हलत असेल, तर महाग भांडवलही परवडते.

आपल्याकडे प्रत्यक्षात उद्भवली ती जोखीम वेगळीच होती. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली आणि जानेवारी 2014 मध्ये लोकांनी नाके पेटवले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे या आंदोलनात होती, त्यामुळे ते चार दिवसांत विरेल अशी शक्यताच नव्हती. रोज गावातल्या गावात ये-जा करणारा माणूस टोल देईल, हे गृहीतकच कच्चे होते. कामाच्या दर्जावर वाद झाले, फेरमूल्यांकन झाले, आणि शेवटी शासनाने टोल बंद केला. वाहने कमी येण्याची जोखीम कंपनीने घेतली होती. लोक टोल नाकारतील आणि सरकारला माघार घ्यावी लागेल ही जोखीम सरकारचीच होती. तिची किंमत सुमारे 459 कोटी रुपये ठरली. ते पैसे टोल न देणाऱ्या चंदगडच्या शेतकऱ्याच्या आणि गडचिरोलीच्या मजुराच्याही करातून गेले. टोल जाणे मला योग्यच वाटते (मीही मोर्चात चाललो आहे), पण तो जाताना फुकट गेला असे मात्र म्हणता येणार नाही.

याउलट प्रकारही आहे. 2004 मध्ये महामंडळाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या 15 वर्षांच्या टोलवसुलीचा हक्क 918 कोटी रुपये एकरकमी घेऊन दिला. ऊसतोड टोळीने हंगामाआधी घेतलेली उचलच ही: आज हातात रक्कम येते, पण पुढच्या वर्षांचे उत्पन्न आधीच लिहून दिलेले असते. आणि 2015 च्या जूनपासून राज्यातल्या काही नाक्यांवर मोटारींना सूट मिळाली, तीही शासनाच्या भरपाईवरच चालते.

राष्ट्रीय महामार्गांसाठी 2016 पासून हायब्रीड ॲन्युइटी पद्धत आली. तिच्यात 40 टक्के रक्कम सरकार बांधकामाच्या काळातच देते आणि उरलेली 15 वर्षांत व्याजासह हप्त्यांनी फेडते. टोल जमवण्याची चिंता कंपनीला राहत नाही. ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण देणे निदान दिसते. पण आज करार करणाऱ्या सरकारने 15 वर्षांनंतरच्या सरकारचे हात आधीच बांधलेले असतात, आणि तो हप्ता राजकोषीय तुटीच्या आजच्या आकड्यात दिसत नाही. विजय केळकर यांच्या समितीने 2015 मध्ये या भागीदारीचा फेरविचार करताना अगदी लहान प्रकल्पांसाठी ती वापरू नये असे सुचवले होते, ते मला पटते. करार, सल्लागार आणि तंटे यांचाच खर्च तिथे डोईजड होतो.

भागीदारी कोल्हापूरला नवी मुळीच नाही. 1891 मध्ये सुरू झालेल्या मिरज-कोल्हापूर रेल्वेचे भांडवल दरबारचे होते आणि गाड्या चालवत होती सदर्न मराठा रेल्वे कंपनी. ज्याला कमी खर्चात पैसा उभा करता येतो त्याने पैसा घालायचा आणि ज्याला गाडी चालवता येते त्याने ती चालवायची, अशी ती विभागणी होती. 2008 च्या आसपास आपण नेमके उलटे केले: महाग पैसा कंपनीकडून घेतला आणि लोकांना टोल पटवून देण्याचे काम, जे फक्त महापालिकेलाच जमले असते, तेही तिच्यावरच सोडले.