थंडीत पहिल्यांदा जंगलात चालायला जाताय?
अरे डायरेक्ट चोरलच्या जंगलात नको घुसूस, आधी रालामंडलची टेकडी कर, इंदूरला लागूनच आहे आणि वर होळकरांची शिकारगाह, म्हणजे शिकारीचा बंगला, पण बघून होते. सकाळी जॅकेट लागतंच, पण चढ सुरू झाला की घाम फुटायच्या आत काढून सॅकमध्ये टाक, कारण आतला बनियन भिजला ना की वर वाऱ्यात अशी हुडहुडी भरते, विचारू नकोस, म्हणून कॉटन नकोच. तहान लागत नसली तरी पाणी दोन लिटर ने. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो, झाडीत त्याआधीच अंधारतं, तेव्हा जानापाव-बिनापावच्या डोंगरावर गेलास तर तीनला परत फिर, टॉप राहिला तर राहू दे. टॉर्च वेगळा ठेव, मोबाईलचा नाही. आणि पोहे-जिलेबी हाणायची ती उतरल्यावर, आधी नाही!