कॅन्सर संशोधनासाठी लोकांचा पाठिंबा आणि निधी कसा वाढवता येईल?

संशोधनातून हाती काय आलं, ते लोकांना घरच्या भाषेत सांगायला हवं. ओळखीच्या रुग्णाच्या ऑपरेशनसाठी आपण लगेच खिशात हात घालतो, संशोधनासाठी सहसा नाही.

मुंबईचंच उदाहरण घ्या. टाटा मेमोरियलने १९९८ पासून इथल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे प्रशिक्षण दिलं. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उमटला की पुढची तपासणी. एवढंच! बारा वर्षांनी, तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. आणि या कामाला पैसा कुणाचा? अमेरिकेच्या सरकारी कॅन्सर संस्थेचा. हे मनाला लागतं.

देणगी देताना ती फक्त संशोधनासाठी देता येईल का, हे रुग्णालयाला विचारा. कंपनीत शब्दाला वजन असेल तर सीएसआरच्या (कंपनीने समाजकार्यासाठी द्यायच्या निधीच्या) बैठकीत विषय काढा. आणि घरात कुणी कॅन्सरमधून बरं झालं असेल तर कृपया लपवू नका. ज्या औषधाने ते बरे झाले, ते आधी कुणीतरी अनोळखी माणसांनी स्वतःवर तपासू दिलं होतं, हेही चारचौघांत सांगा.