लंडनमध्ये कुंडीतल्या ऱ्होडोडेंड्रॉनची पानं पिवळी का पडतात?

तुम्ही लिहिलंय की पानं पिवळी पडतायत, पण शिरा हिरव्याच आहेत. मग दोष बहुतेक नळाच्या पाण्याचा. लंडनचं पाणी जड असतं. किटलीच्या तळाशी जो पांढरा थर साचतो ना, तोच चुना कुंडीतही साचतो. हे झाड हिमालयातल्या बुरांशच्या कुळातलं, त्याला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH) साधारण ५ ते ६. चुना वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. त्यामुळे पावसाचं पाणी साठवा, बाल्कनीत एक बादली ठेवली तरी चालेल. फक्त कडक उन्हाळ्यात साठा संपला तर नळाचं घाला, झाड कोरडं ठेवण्यापेक्षा ते बरं.

माती बदलताना 'एरिकेशियस' (म्हणजे आम्लधर्मी माती लागणाऱ्या झाडांसाठीचं) लिहिलेलं कंपोस्टच घ्या. मुळं केसासारखी बारीक असतात आणि वरवरच पसरतात, म्हणून कुंडी खोल नको, रुंद हवी. मुळांच्या गड्ड्याचा वरचा भाग मातीच्या पातळीला राहू द्या. खोल लावलेलं झाड हळूहळू मरतं, ही चूक फार जण करतात. वर पाइनच्या सालींचा थर द्या.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी अजिबात चुकवू नका, पुढच्या वसंतातल्या कळ्या तेव्हाच धरतात. नवीन घ्यायचं झालं तर याकुशिमानम जातीचे संकर बघा, ते मूळचेच ठेंगणे.

आणि घरात कुत्रा असेल तर जपा, पानं विषारी असतात.