सुखात असलं की गाणं सुचत नाही?

"मॅडम, मी सध्या सुखात आहे आणि म्हणूनच मला गाणी सुचत नाहीत." पंचविशीतली एक मुलगी समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत हे म्हणाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नातं तुटलं त्या काळात तिने एकामागून एक गाणी लिहिली, चालीही स्वतःच बांधल्या. आता नवा जोडीदार समजूतदार आहे, झोप नीट लागते आणि वही कोरी आहे. मग खाली बघत म्हणाली, "कधीकधी मी मुद्दाम भांडण उकरून काढते. त्यातून काहीतरी सुचेल म्हणून."

गाणी लिहू पाहणारे बरेच जण हीच काळजी घेऊन येतात. दुःखाशिवाय कला नाही, हा समज फार कौतुकाने जपला जातो. मला तो घातक वाटतो. तो खरा मानणारा माणूस आपलं बरं चाललेलं आयुष्य आपल्याच हाताने बिघडवायला निघतो.

आधी मी एक गोष्ट तपासली. अडलंय ते फक्त गाणं, की ऐकण्यातली, माणसांना भेटण्यातली गोडीही गेली आहे? दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवं. तिचं तसं नव्हतं.

मग विचारलं, "तुझं तुला सगळ्यात आवडणारं गाणं कधीचं?"

"ब्रेकअपच्या वेळचं."

"फोनमधली तारीख बघ."

गाणं नातं तुटल्यानंतर जवळपास वर्षभराने झालेलं निघालं. ऐन दुःखात लिहिलेली पानं तिने माझ्यासमोर वाचली, तर ती तिलाच आवडेनात. वेदना, काळोख, एकांत, असे नुसते मोठे शब्द. नंतरच्या गाण्यात मात्र एक बारीकशी गोष्ट होती: त्याच्या नंबरला लावलेली वेगळी रिंगटोन, जी आता कधीच वाजत नाही.

मी म्हटलं, "त्या वर्षभरात तू एकाच गोष्टीकडे पुन्हापुन्हा बघत होतीस. ते बघणं आता थांबलंय." ग्रॅहम वॉलास या ब्रिटिश विचारवंताने १९२६ मध्ये सर्जनाचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, अचानक सुचणं आणि शेवटी पारखणं. आपण तिसऱ्याची वाट बघत बसतो. दुःखात मन एकच विषय धरून बसतं, त्यामुळे पहिले दोन टप्पे नकळत पार पडतात. सुखात तयारी ठरवून करावी लागते, एवढाच फरक.

म्हणून तिला काम दिलं: रोज कानावर पडलेलं एक वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवायचं. भावनेचं नाव लिहायचं नाही. आठवड्याभरात आणलेल्या वाक्यांतलं एक लिफ्टमध्ये ऐकलेलं होतं. एक आजोबा नातवाला म्हणाले होते, "तू मोठा झालास की मला ओळखशील ना?"

"पण हे माझं नाही," ती म्हणाली.

इथे बरेच जण अडतात. गाण्यातला 'मी' लिहिणाऱ्याचाच असावा, असं कुठे आहे? मी तिला तीन प्रश्न विचारले. बोलतंय कोण? कुणाशी? आणि नेमकं आत्ताच का? तिसऱ्या प्रश्नावर ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "कारण आजोबा नावं विसरायला लागलेत." विसरणारे आजोबा नातवाला विचारतात, तू मला ओळखशील ना. मुखडा तिथेच सापडला.

राहिला खोडण्याचा प्रश्न. ओळ पुरी व्हायच्या आत ती काट मारायची. सुचणं आणि पारखणं एकाच बैठकीत केलं की पारखणारं मन सुचवणाऱ्या मनाला बोलूच देत नाही. म्हणून चालीवर आधी 'ना ना' किंवा निरर्थक शब्द गुणगुणायचे, रेकॉर्ड करायचं आणि खोडाखोड दुसऱ्या दिवशी. आवडत्या जुन्या चालीच्या मीटरवर, म्हणजे तिच्या ओळींच्या मापावर, नवे शब्द बसवणं हाही उत्तम सराव आहे. पुढे ती चाल मात्र सोडून द्यावी, ती दुसऱ्याची असते.

भांडणांचं तिने जोडीदाराला खरं सांगितलं. तो दुखावला, साहजिकच होतं. दोघांना एकत्र बसवून त्यावर बोलावं लागलं, आणि गाण्यापेक्षा मला ते जास्त गरजेचं वाटलं. भांडणं उकरणं आता थांबलं आहे.

आजोबांच्या गाण्याचा पहिला अंतरा झाला, दुसरा अडलाय. त्यात नातवाने उत्तर द्यावं असं तिला वाटतं, पण लहान मुलाच्या तोंडी मोठ्यांचे शब्द येतात. सध्या ती लहान मुलं कशी बोलतात ते ऐकून वहीत उतरवते आहे.