हार्डविक हॉलच्या खिडक्या आणि भावोजींची मिशी

"इंग्लंडमधील हार्डविक हॉलच्या दगडी भिंतींना एवढ्या खिडक्या कशा पेलतात, आणि तो पाहायला किती वेळ लागतो?" असे आपण विचारले आहे. यातील पहिल्या प्रश्नावरून आमच्या घरात सहा वर्षे वाद चालू आहे, त्यामुळे उत्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी वास्तुविशारद आहे, तर माझे भावोजी पुलांचे अभियंते. नॉटिंगहॅमला बहिणीकडे गेलो असता आम्ही सगळे डर्बीशरमधील ही वास्तू पाहायला गेलो. समोरचा दर्शनी भाग पाहताच भावोजी म्हणाले, "दुरुस्तीच्या वेळी आत लोखंड घातलेले असणार, नसेल तर मिशी उतरवीन." मी त्यांना तिसऱ्या स्तरावरील लाँग गॅलरीत नेले. सुमारे ५० मीटर लांबीच्या त्या दालनात एका बाजूला खिडक्याच खिडक्या आहेत आणि दोन्ही भव्य शेकोट्या मात्र समोरच्या, म्हणजे इमारतीच्या आतील बाजूच्या भिंतीत आहेत. सगळे इंगित त्या भिंतीत आहे. धुराडी बाहेरच्या भिंतींतून न नेता आतील जाड भिंतींतून वर नेल्यामुळे बाहेरच्या भिंती पोकळ झाल्या नाहीत आणि तेथे काचेला जागा मिळाली. शिवाय प्रत्येक खिडकी दगडाच्याच उभ्या-आडव्या पट्ट्यांनी विभागलेली असल्याने ते नुसते भोक राहत नाही. सहा मनोऱ्यांमुळे भिंतीला ठिकठिकाणी कोपरे मिळतात, ही गोष्ट तर पुलांच्या माणसाने माझ्याआधी ओळखायला हवी होती. भावोजींनी भिंतीवर हात फिरवला, "हं" म्हणाले आणि विषय बदलला. मिशी अद्याप जागेवर आहे.

हे घर १५९० ते १५९७ या काळात बेस ऑफ हार्डविक या धनाढ्य विधवेने बांधवून घेतले. काच तेव्हा चैनीची वस्तू होती, म्हणून खिडक्या हे उघड उघड श्रीमंतीचे प्रदर्शन होते, आणि तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून बाईंनी मनोऱ्यांच्या माथ्यावर स्वतःची 'ई. एस.' (एलिझाबेथ श्रूजबरी; 'बेस' हे एलिझाबेथचेच लघुरूप) ही आद्याक्षरेही दगडात कोरून घेतली. दर्शनी भाग मला दिखाऊच वाटतो. खरी बुद्धी आराखड्यात आहे. तो आराखडा त्या काळचा वास्तुविशारद रॉबर्ट स्मिथसन याचा मानला जातो. मजले वर जाताना कमी उंचीचे न होता अधिक उंच होत जातात, कारण मानाची दालने सर्वांत वर आहेत.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. इतका उजेड जुन्या विणलेल्या भिंतपडद्यांना मानवत नाही, आणि तेथील वालुकाश्म झिजत असल्याने दगड वेळोवेळी बदलावे लागतात. तेव्हा दुरुस्ती झालीच नाही असा माझा दावा नाही. दावा लोखंडापुरता आहे, आणि आपल्याबरोबर कोणी अभियंता असेल तर त्याला आधी बाहेर उभे करून पैज लावून घ्यावी, मग आत न्यावे.

वेळेचे म्हणाल तर आम्हाला चार तास लागले, पण त्यांतला एक तास त्या एका भिंतीपाशी गेला.