रात्री तीनला जाग येते, काहीतरी नॅचरल सांगा ना

एका ताईंचा मेसेज आलाय. परदेशात येऊन सहा वर्षं झाली, दोघांच्या नोकऱ्या, दोन मुलं, भारतात आईवडील दोघंच. रात्री तीनच्या सुमाराला जाग येते, छातीत धडधडतं, मग झोप नाही ती नाहीच, आणि सकाळी सगळी चिडचिड मुलांवर निघते. डॉक्टरकडे जावं एवढं काही नाही म्हणतात, पण काहीतरी नॅचरल, साइड इफेक्ट नसलेलं सांगा, अश्वगंधा घेऊ का मेलाटोनिन?

ताई, आधी बाटल्यांचंच बोलून टाकू, कारण बाटली हातात असली की बाकीचं कोणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं. नॅचरल म्हणजे साइड इफेक्ट नाही हे कुणी सांगितलं? अश्वगंधाने काही लोकांना बरं वाटतं हे खरं, पण ती थायरॉइडच्या हार्मोनवर परिणाम करू शकते, प्रेग्नन्सीत चालत नाही, आणि काही लोकांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस नोंदवल्या गेल्यात. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. दुसरं ते सेंट जॉन्स वर्ट, एक वनस्पती, मूडसाठी म्हणून विकतात, ते गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा असर कमी करतं, आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना घेतलं तर धोकादायक ठरू शकतं. मेलाटोनिनची गंमत अशी की अमेरिकेत ते सप्लिमेंट म्हणून कुठेही मिळतं आणि ब्रिटनमध्ये त्यालाच प्रिस्क्रिप्शन लागतं. ते शरीराला ‘रात्र झाली’ एवढंच सांगतं, त्यामुळे जेट लॅगला बऱ्यापैकी उपयोगी, पण तीन वाजता काळजीने जाग येते त्याला ते काय करणार?

आणि धडधड होतेय ना, मग एकदा डॉक्टरकडे जाच. थायरॉइड जास्त काम करत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, मेनोपॉज जवळ आला असेल, तरी हे सगळं अगदी स्ट्रेससारखंच वाटतं. साधी ब्लड टेस्ट आहे. ती न करता मी तुम्हाला श्वास मोजायला लावला तर ते बरोबर नाही.

टेस्ट नॉर्मल आली, तर मग श्वास. तुम्ही म्हणाल हे तर लहानपणापासून ऐकतोय, पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, श्वास आत घेताना हृदय थोडं जोरात चालतं आणि सोडताना थोडं हळू, हे प्रत्येकाच्या शरीरात आपोआप होतं. म्हणून सोडायचा श्वास लांबवायचा, एवढीच सगळी युक्ती. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात, एरवी आपले बारा ते वीस चालू असतात. खूप मोठे मोठे श्वास ओढायचे नाहीत हं, गरगरतं आणि बोटांना मुंग्या येतात, मग माणूस आणखीनच घाबरतो.

मी हे कुठे करते सांगू? ऑफिसातून आले की गाडीत. इंजिन बंद, हात स्टिअरिंगवरच, आणि पाच मिनिटं तिथेच बसून राहते. पहिल्यांदा केलं तेव्हा लक्षात आलं की माझे खांदे पार कानापर्यंत वर चढलेत आणि दात आवळलेले आहेत, आणि हे बहुतेक सकाळपासून तसंच चालू होतं. धाकटा खिडकीतून बघून हात हलवत होता, आई आत का येत नाही म्हणून. आता त्याला माहितीये, पाच मिनिटं आई गाडीत असते, मग येते, आणि आली की ओरडत नाही. (रोज नाही ओरडत. एखाद्या दिवशी ओरडतेच.)

आता तीन वाजताचं. मला वाटतं खरा मुद्दा इथे आहे आणि तो आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांचाच आहे. जाग आली की हात पहिला कुठे जातो? फोनवर. आपल्याकडे मध्यरात्र, पण तिकडे दिवस चालू असतो, फॅमिली ग्रुपवर चाळीस मेसेज येऊन पडलेले असतात, कोणाचा तरी रिपोर्ट आलाय, कोणाची तरी भांडणं, आणि आपण ते सगळं वर स्क्रोल करत जातो, का तर मनात एकच, आईबाबांना काही झालं नसेल ना. त्या एका भीतीसाठी आपण रात्रभर फोन उशाशी ठेवून झोपतो आणि प्रत्येक टिंगला दचकतो.

तर आज रात्रीच एक करा, फोनला डू नॉट डिस्टर्ब लावा आणि त्यात फक्त तीन नंबरांना परवानगी द्या, आई, बाबा, आणि त्यांच्या जवळ राहणारं एक विश्वासाचं माणूस. आयफोन असो का अँड्रॉइड, दोन्हीत ही सोय आहे. मग फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. वाजला तर खरंच उठायचं कारण आहे, नाही वाजला तर नाही. हे कुठल्याही कॅप्सूलपेक्षा नॅचरल आहे बघा.

त्याच्या जोडीला एक कागद. रात्री नाही, संध्याकाळी, पंधरा मिनिटं, टेबलावर बसून. ‘काही झालं तर’ याची खरीखुरी उत्तरं लिहायची, आईबाबांच्या डॉक्टरचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर, इन्शुरन्सचे कागद कुठे आहेत, आपला पासपोर्ट आणि व्हिसा कधीपर्यंत चालतो, तातडीने निघायचं तर पहिला कोण जाणार आणि मुलांकडे कोण बघणार. भावंडं असतील तर हे त्यांच्यासोबत बसून करा, थोडे वाद होतील, होऊ देत. भीती जात नाही याने, पण तीन वाजता डोकं तेच तेच उगाळायला लागलं की त्याला सांगता येतं, लिहिलंय बाबा ते, कपाटात आहे.

जाग आल्यावर घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप येत नाहीये तर सरळ उठा, मंद दिव्यात खुर्चीत बसून काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत जा. अंथरुणात तळमळत पडून राहिलं की शरीर शिकतं, ही जागा तळमळायची आहे. कॉफी दुपारनंतर बंद, कारण चार वाजता प्यायलेल्या कॉफीतलं साधारण अर्धं कॅफिन रात्री नऊलाही अंगात असतं. वाइनने झोप लागते पण उत्तररात्री तीच मोडते.

उजेडाचं पण बघा. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडणाऱ्या देशात असाल तर हे महत्त्वाचं, हिवाळ्यात उजेड कमी पडला की काहींना जी उदासी येते, तिला १९८४ मध्ये डॉक्टरांनी रीतसर नावही दिलं. घरात सगळे दिवे लावले तरी काहीशे लक्स (हे उजेड मोजायचं माप) उजेड असतो, बाहेर ढगाळ असलं तरी हजारांत. म्हणून सकाळी उठल्यावर तासाभरात बावीस मिनिटं बाहेर चालून या, थंडी आहे, माहितीये, जॅकेट घाला. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हवा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ते रोजचं बावीस मिनिटांच्या आतच भागतं, म्हणजे एका चालण्यात दोन कामं. दहा हजार लक्सचे दिवेही मिळतात, पण डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर (मूड एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाण्याचा आजार) असेल तर विचारल्याशिवाय नको.

मुलांवर चिडचिड झाली तर नंतर शांतपणे सांगा, ‘मी दमले होते, तुझी काही चूक नव्हती.’ एवढं वाक्य पुरतं, भाषण नको.

आणि घरच्या कॉलवर आपण ‘सगळं मस्त’ म्हणतो, तिकडून तेही ‘आमचं उत्तम’ म्हणतात, मग फोन ठेवल्यावर दोघं काळजी करत बसतात. पुढच्या वेळी एक छोटीशी खरी गोष्ट सांगून बघा, ‘आई, या आठवड्यात झोप नाही गं झाली.’ माझ्या आईने यावर लगेच तिच्या गुडघ्याचं खरं सांगितलं, जे सहा महिने लपवलं होतं.

हे सगळं करूनही दोन आठवडे रोज उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, किंवा जगूच नये असं मनात येतंय, तर श्वासाबिसाच्या पुढचं आहे ते, लगेच मदत घ्या. अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४, दिवसरात्र चालू असतात. काउन्सेलर शोधताना मराठी किंवा हिंदी बोलणारा आहे का हे बिनधास्त विचारा, रडू काही इंग्रजीत येत नाही आपल्याला.

आणि अश्वगंधाची बाटली ऑर्डर केलीच असेल, तर लेबलचा फोटो काढून डॉक्टरकडे जाताना तो दाखवा. ‘औषध काही चालू आहे का’ विचारलं की आपण नाही म्हणतो आणि ती बाटली कधीच मोजत नाही.